फिश टँकमध्ये मासे सोडण्याआधी जिवाणू कसे वाढवावेत

नवी टाकी मांडली, पाणी भरलं आणि त्याच दिवशी मासे सोडले, की आठवड्या-दोन आठवड्यांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. पाणी मात्र नितळ दिसत असतं. दोष बहुतेकदा अमोनियाचा असतो. मासे तो मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, शिवाय उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. तळ्यात या अमोनियातल्या नायट्रोजनची विल्हेवाट लावणारे जिवाणू आधीपासून असतात, नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. म्हणून आधी जिवाणू पाळायचे, मग मासे. या कामाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

तयारी. स्पंजचा फिल्टर, एअर पंप, हीटर आणि अमोनिया, त्यापासून जिवाणू बनवतात ते नायट्राइट व नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप) मोजणारं किट घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंब टाकून रंग पाहायचं किट बरं. बाकी कशावरही काटकसर करा, किटवर नको.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. पाणी दिवसभर उघडं ठेवून हवा सोडली तर क्लोरीन उडून जातं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असेल तर ते तसं जात नाही. मग क्लोरीन काढणारं द्रावण वापरावंच लागतं. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा आणि फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. हे जिवाणू पाण्यात तरंगण्यापेक्षा स्पंजला, खड्यांना आणि काचेला चिकटून राहतात. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, त्यामुळे वाहतं पाणी हवंच.

जिवाणूंना खाऊ घाला. सुगंध किंवा साबण नसलेलं अमोनियाचं द्रावण किंवा अमोनियम क्लोराइड थोडं थोडं टाकत, मोजत मोजत, अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत आणा. फार जास्त झाला, तर तो याच जिवाणूंची वाढ रोखतो. रसायन नको असेल तर चिमूटभर मत्स्यखाद्य टाकता येतं. मात्र ते आधी कुजवणाऱ्या जिवाणूंनी फोडलं पाहिजे, मग त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. हा रस्ता लांबचा आहे आणि त्यात मापही हातात राहत नाही.

निरोगी, जुन्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर तो फिल्टरमध्ये ठेवा. वाट पाहणं बरंच कमी होतं.

मोजा आणि लिहून ठेवा. दर दोन दिवसांनी मोजत राहा. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो: नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करत असतात. नायट्राइटही घातक असतं, कारण त्यामुळे माशाचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही. त्यानंतर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू वाढतात आणि नायट्राइटचं नायट्रेट होतं. काही नायट्रोस्पायरा तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात, हे २०१५ मध्ये उघड झालं. त्याआधी शंभराहून अधिक वर्षं हे काम दोन वेगळ्या गटांचंच मानलं जात होतं.

मधेच नायट्राइट दिवसेंदिवस चढंच राहतं आणि माणूस कंटाळतो. हे जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवतात आणि त्यासाठीची ऊर्जा अमोनिया किंवा नायट्राइटमधून काढतात. त्यात मिळकत फार थोडी. कुजवणारे काही जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी या जिवाणूंना वेगळं केलं, तेही नेहमीच्या पोषक माध्यमांना फाटा देऊन, कारण त्यांवर हे वाढतच नव्हते.

अमोनिया संपत आला की पुन्हा थोडा टाका, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील. गाडी अडलीच तर पीएच पाहा. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि पीएच ६.५ च्या खाली गेला की काम मंदावतं. अशा वेळी निम्मं पाणी बदला.

तयार झाली का? लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया टाका. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी तयार. आता बरंच पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी करा आणि त्यानंतर लगेच थोडे मासे सोडा. सगळे एकदम नकोत, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या हिशेबातच राहते. प्रत्येक नव्या तुकडीनंतर आठवडाभर मोजत राहा.

पुढची निगा. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा, म्हणजे गाळ जाईल आणि जिवाणू राहतील. नवा स्पंज घालायचा असेल तर जुन्यासोबत काही आठवडे चालवा.

राहता राहिलं नायट्रेट. तळ्याच्या तळाशी, चिखलात जिथे प्राणवायू नसतो, तिथे दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून तो हवेत परत पाठवतात. खेळतं पाणी असलेल्या टाकीत तशी जागा फारशी नसते, म्हणून ते काम बादलीला करावं लागतं. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. वनस्पती लावल्या तर त्या अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही घेतात, पण पिवळी, कुजकी पानं वेळेवर काढा, नाहीतर तोच नायट्रोजन पाण्यात परत येतो. काढलेलं गोड्या पाण्याच्या टाकीचं पाणी कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून चालतं.