पाती फिरत होती, बॅटरी चार्ज होत नव्हती : घरगुती पवनचक्कीचा माझा अनुभव

नाशिकमध्ये आमच्या गच्चीवर पीव्हीसी पाइप कापून केलेली तीन पात्यांची, १.२ मीटर व्यासाची पवनचक्की उत्तम फिरत असूनही १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नव्हती. दोष पात्यांचा नव्हता. वीज तयार करण्यासाठी पात्यांना जोडलेली, भंगारातून आणलेली मोटर २४ व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे घेणारी होती. म्हणजे १२ व्होल्टसाठी तिला सुमारे १५०० फेरे हवेत, आणि सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात एवढे पाते जेमतेम ५०० फेरे घेते. बॅटरीपेक्षा व्होल्टेज अधिक झाल्याशिवाय तिच्यात विद्युतप्रवाह जातच नाही.

त्यामुळे विजेच्या सायकलच्या चाकातील जुनी, गिअर नसलेली ३६ व्होल्टची मोटर बसवली. ती मुळातच मंद गतीची असल्याने दीडशे फेऱ्यांच्या आसपास चार्जिंग सुरू झाले. तिच्या तीन तारांना सहा डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) ब्रिज, म्हणजे एसी विजेची डीसी करणारी जोडणी, लावणे आवश्यक आहे. त्यामुळे बॅटरीतील वीज उलट मोटरकडेही जात नाही. मोटर निवडताना वॅटपेक्षा एका व्होल्टमागे लागणारे फेरे कमी आहेत का ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

अपेक्षा मात्र वाजवी ठेवावी. वाऱ्यातील ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणतीही पवनचक्की घेऊ शकत नाही; एवढ्या पात्यांतून सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात सुमारे २० वॅट मिळतात. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, म्हणून वादळी वाऱ्याआधी ब्रिज व बॅटरी सोडवून मोटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात, म्हणजे पाती मंदावतात.