टर्बो डिझेल गाडीची ताकद मधूनच का जाते?

चालत्या गाडीची ताकद अचानक जाते आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताच परत येते, तेव्हा बहुधा इंजिनाच्या संगणकानेच संरक्षणासाठी शक्ती मर्यादित केलेली असते. म्हणून त्या संगणकाला जोडायच्या स्कॅनर यंत्राने बिघाडाचे कोड वाचून लिहून घ्यावेत आणि तोवर ते मुळीच पुसू नयेत, कारण त्यांच्यासोबत सहसा बिघाडाच्या क्षणीचा वेग, भार आणि तापमानही साठवलेले असते. पी०२९९ हा कोड टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, दाब कमी पडल्याचे, तर पी०२३४ तो प्रमाणाबाहेर वाढल्याचे सांगतो.

दाब कमी पडत असल्यास लगेच टर्बो बदलायला निघू नये, ही कळकळीची विनंती आहे. आधी इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांच्या जोडांवर तेलाचे ताजे ओघळ आहेत का ते पाहावे आणि टर्बोचे नियंत्रण करणाऱ्या व्हॅक्यूमच्या (निर्वात दाबाच्या) बारीक नळ्या वाकवून भेगा शोधाव्यात. दाब वाढत असल्यास टर्बोची हलणारी पाती काजळीने अडकत असण्याची शक्यता मोठी असते.

त्यानंतर चढावर, स्कॅनर पाहायला दुसऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून, अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाबाची तुलना करावी. टर्बोचा दाब ठीक असूनही कॉमन रेलमधील (सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) इंधनाचा दाब कोसळत असेल, तर प्रथम डिझेल फिल्टर बदलावा.