बॉक्सरचं मोठेपण वजनी गटांच्या आकड्यावर मोजताय? या चुका टाळा

अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. लढत बघता बघता पोहे गार होतात, आणि शेवटची घंटा वाजायच्या आत ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "पाकियाओ आठ गटांत चॅम्पियन, बाकीच्यांनी गप्प बसा." पाकियाओ म्हणजे फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पाकियाओ. मग दुपारच्या जेवणापर्यंत कुणीच गप्प बसत नाही. खाली दिलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केल्या आहेत, काही तर फार ठामपणे.

पायऱ्या मोजता, पण पायरीची उंची बघत नाही

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आज १७ वजनी गट सर्वमान्य आहेत. या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. सर्वात खालचा गट १०५ पाउंडांचा, पुढचा १०८ चा. म्हणजे फरक जेमतेम सव्वा-दीड किलोचा. फ्लायवेटच्या ११२ पाउंडांपासून फेदरवेटच्या १२६ पर्यंत जायला चार पायऱ्या लागतात आणि एकूण वजन वाढतं साडेबारा टक्के. याउलट लाइट हेवीवेट १७५ पाउंडांना संपतो आणि पुढचा क्रुझरवेट थेट २०० ला. एकाच पायरीत २५ पाउंड, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त! त्यापुढे हेवीवेटला तर वरची मर्यादाच नाही.

म्हणून "चार गट विरुद्ध दोन गट" या हिशोबाला काही अर्थ उरत नाही. ॲड्रियन ब्रोनरने १३० ते १४७ पाउंडांमध्ये चार गटांत किताब मिळवले, पण माइदाना, मायकी गार्सिया आणि पाकियाओ या तिघांसमोर तो हरला. ओलेक्सांडर उसिकच्या नावावर दोनच गट आहेत. पण क्रुझरवेटमधले सगळे पट्टे, म्हणजे सगळ्या संघटनांचे किताब, गोळा करून तो वर गेला, आणि मे २०२४ मध्ये स्वतः २२३ पाउंडांच्या आसपास असताना २६२ पाउंडांच्या टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचेही सगळे पट्टे घेतले. या दोघांची तुलना आकड्यांनी करणारा माणूस बहुधा लढती बघत नाही.

भाजक विसरता

१९३० च्या दशकात मुळात मुख्य गट आठ होते आणि प्रत्येकात एक, फार तर दोन चॅम्पियन. आता १७ गट आणि प्रत्येकात चार संघटनांचे चार पट्टे. शिवाय काही संघटना "सुपर", "रेग्युलर", "अंतरिम" असे जास्तीचे पट्टेही वाटतात. किताब सापडणं तेव्हापेक्षा कितीतरी सोपं झालं आहे.

हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेट जिंकलं, मे १९३८ मध्ये बार्नी रॉसला हरवून वेल्टरवेट, आणि ऑगस्टमध्ये लू अँबर्सला हरवून लाइटवेट. दहा महिन्यांत तीन किताब, आणि तिन्ही एकाच वेळी हातात. १२६ ते १४७ पाउंडांच्या दरम्यान आज पाच गट आहेत. १९४० मध्ये तो मिडलवेटसाठीही लढला आणि ती लढत बरोबरीत सुटली. "फक्त तीन गट" असं त्याच्याबद्दल म्हणणाऱ्याला मी आता उत्तरच देत नाही.

करारात ठरलेलं वजन वाचत नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन बॉक्सर कधी कधी गटाच्या मर्यादेऐवजी मधलंच एखादं वजन ठरवतात, त्याला कॅचवेट म्हणतात. नोंदीत मात्र गटाचं नाव लागतं.

नमुना म्हणून १९८८ ची शुगर रे लेनर्ड आणि डॉनी लालोंड यांची लढत घ्या. लालोंड लाइट हेवीवेटचा, म्हणजे १७५ पाउंडांचा चॅम्पियन. लढत मात्र १६८ पाउंडांवर ठरली. त्यामुळे त्याचा लाइट हेवीवेटचा पट्टाही पणाला लागला आणि त्याच संघटनेचा नवा सुपर मिडलवेटचा पट्टाही. लेनर्ड चौथ्या फेरीत खाली पडला, उठला, आणि नवव्या फेरीत त्याने लालोंडला संपवलं. एका रात्रीत दोन गट! लढत जोरदार होती, यात वाद नाही. पण १७५ पाउंडांचा माणूस त्या रात्री रिंगमध्ये होता का? नव्हता. तरी लेनर्डच्या नावापुढे "पाच गट" लिहिताना हे कुणी सांगत नाही.

पाकियाओचंही असंच तपासावं लागतं, आणि इथे मला माझं मत दोनदा बदलावं लागलं. मिगेल कोटोशी त्याची २००९ ची लढत वेल्टरवेटची, पण १४७ ऐवजी १४५ वर. २०१० मध्ये अँतोनियो मार्गारितोशी झालेली लढत १५४ पाउंडांच्या गटाच्या रिकाम्या किताबासाठी, पण मर्यादा १५०. मी बरीच वर्षं म्हणायचो की शेवटचे दोन गट सवलतीतले आहेत. मग त्या रात्रीचं वजन कळलं. रिंगमध्ये उतरताना पाकियाओ १४८ पाउंडांचा होता आणि मार्गारितो १६५ चा. सतरा पाउंड जास्त असलेल्या माणसाचं डोळ्याखालचं हाड त्या लढतीत मोडलं. कॅचवेट दिसलं की लगेच शेरा मारायचा, हीसुद्धा चूकच. मर्यादेने नक्की कुणाला किती पिळलं, ते बघायला हवं.

कोटोला थोडंफार पिळलं असेल. डिसेंबर २००८ मध्ये पाकियाओसमोर आलेल्या ऑस्कर दे ला होयाला तर स्वतःच्या हट्टाने पिळलं. वर्षानुवर्षं वरच्या गटांत लढलेला तो माणूस १४७ ला खाली आला, काट्यावर १४५ भरला आणि आठ फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. तिथे किताब नव्हता म्हणून आठांच्या यादीत ती लढत येत नाही. पण त्या वर्षी पाकियाओ मार्चमध्ये १३० वर, जूनमध्ये १३५ वर आणि डिसेंबरमध्ये १४७ वर, हा नऊ महिन्यांचा प्रवास मला कुठल्याही पट्ट्यापेक्षा मोठा वाटतो. ११२ पासूनच्या चढणीचं तेवढं नाही. फ्लायवेट जिंकला तेव्हा तो १९ वर्षांचा होता, अंग भरत होतं. पुढच्याच वर्षी काट्यावर वजन जास्त भरल्याने तो किताब गेलाही.

काट्यावरचं वजन म्हणजे रिंगमधलं वजन, असं धरता

पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं. मधल्या वेळात पाणी आणि जेवण पोटात गेलं की दहा-पंधरा पाउंड सहज परततात. फेब्रुवारी २००० मध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत १४१ पाउंडांवर ठरली होती. लढतीच्या रात्री प्रसारण वाहिनीच्या काट्यावर गमाश १४५ भरला आणि गॅटी १६०. दुसऱ्या फेरीत गमाश बेशुद्ध पडला, आणि पुन्हा कधी लढला नाही.

अंगयष्टीचंही तेच. जत्रेच्या फडात जोड लावताना जाणती माणसं नुसतं वजन विचारत नाहीत, दोघांना शेजारी उभं करून बघतात. टॉमी हर्न्स १४७ पाउंडांचा चॅम्पियन असताना सहा फूट एक इंच उंच होता. त्याच्या हाडांना वर सरकायला जागा होती. साडेपाच फुटी पाकियाओला नव्हती.

वर जाऊन हरलेल्याला तोच दंड लावता

जून १९५२, यँकी स्टेडियम, अंग भाजून काढणारा उकाडा. मिडलवेट चॅम्पियन शुगर रे रॉबिन्सन साधारण १५७ पाउंडांचा, समोर लाइट हेवीवेट चॅम्पियन जोई मॅक्सिम १७३ चा. दहा फेऱ्यांनंतर उकाड्याने पंचच कोसळला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण तेराव्या फेरीनंतर त्याला उभं राहवेना. दोनशेच्या आसपास लढतींमध्ये तो ठरलेल्या फेऱ्या संपायच्या आत हरला, असं हे एकदाच. नोंदीत हा पराभव आहे. माझ्या वहीत तो त्याच्या कित्येक विजयांच्या वर आहे.

रोबेर्तो दुरानला हर्न्सने १९८४ मध्ये दुसऱ्या फेरीत तोंडावर पाडलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. दुरानची खरी जागा १३५ पाउंडांत होती आणि ही लढत १५४ ची. दुसऱ्या दिवशी तो ३३ वर्षांचा होणार होता. तोच दुरान १९८९ मध्ये आयरन बार्कलीला हरवून मिडलवेटचा किताब घेऊन आला. ती लढत शोधून बघा.

एकाच गटात राहिलेल्याला कमी लेखता

मार्विन हॅगलर १९८० ते १९८७ मिडलवेटचा चॅम्पियन होता, बारा वेळा किताब राखला, गट कधी बदलला नाही. बाकीचेच वर चढून त्याच्या दारात आले. पण त्याच्याही बाजूने बोलताना जरा सांभाळा : दुरान, हर्न्स, मुगाबी हे त्याचे गाजलेले विजय खालून आलेल्यांवरचे आहेत. एका गटात राहणं हा दोष नाही, तसं ते आपोआप मोठेपणही नाही.

हौशी बॉक्सिंगला तीच फूटपट्टी लावता

इथे गट बॉक्सर निवडत नाही, स्पर्धा निवडते. मेरी कोमची सहा जागतिक सुवर्णपदकं ४५, ४६ आणि ४८ किलोंत आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला, पण गट तीनच ठेवले : ५१, ६० आणि ७५. तिला ५१ मध्येच उतरावं लागलं. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सने तिला ११-६ असं हरवलं, आणि ॲडम्स पुढे सुवर्ण घेऊन गेली. "ऑलिंपिकमध्ये ब्राँझच" म्हणणाऱ्याने हे तीन किलो मोजावेत. लवलीना बोर्गोहाईंचा ६९ किलोंचा गट तर पॅरिसच्या यादीतून गेलाच. तिने ७५ धरला आणि २०२३ मध्ये दिल्लीत त्या गटाचं जागतिक सुवर्ण जिंकलं.

आता हे सगळं एका ताज्या लढतीला लावून बघा. १३ सप्टेंबर २०२५, लास व्हेगस, टेरेन्स क्रॉफर्ड आणि कॅनेलो अल्वारेझ. क्रॉफर्ड १५४ वरून थेट १६८ वर आला, म्हणजे मधला मिडलवेट गाळून. कॅचवेट नव्हतं. कॅनेलो स्वतःच्या गटातच होता, त्याला कुणी पिळलं नव्हतं. चारही पट्टे पणाला होते आणि तिन्ही पंचांनी निकाल क्रॉफर्डकडे दिला. राहतो एकच आक्षेप, की कॅनेलो म्हातारा झाला होता. त्या रात्री कॅनेलो ३५ वर्षांचा होता. क्रॉफर्डला ३८ पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी होते.