भर दुपारी बंद पडणारा सोलर इन्व्हर्टर: माझा अनुभव

वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या घरावर 5 किलोवॉटची सोलर यंत्रणा आहे. निरभ्र दुपारी, नेमके ऊन कडक असताना, पॅनेलची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ (वीज कंपनीच्या जाळ्याचा दाब मर्यादेपेक्षा जास्त) असे दाखवून बंद पडे आणि काही मिनिटांनी आपोआप सुरू होई. पॅनेल धुतले, सॉफ्टवेअर अद्ययावत केले. वीज कंपनीने मीटरपाशी मोजले तर दाब मर्यादेतच. बसवणारा वीज कंपनीकडे बोट दाखवी आणि वीज कंपनी त्याच्याकडे, याचा वैताग आला.

उपयोग झाला तो पुढील क्रमाने. पूर्ण उन्हात इलेक्ट्रिशियनने मीटरपाशी आणि इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर लागोपाठ मोजमाप घेतले: खाली मीटरपाशी 247 व्होल्ट, वर इन्व्हर्टरपाशी 254, म्हणजे त्याच्या 253 व्होल्टच्या मर्यादेपलीकडे. इन्व्हर्टर बंद करताच हा फरक नाहीसा झाला. म्हणजे दोष मधल्या केबलचा: तिच्यातून वीज ग्रिडकडे ढकलताना इन्व्हर्टरला तेवढा जादा दाब द्यावा लागे. 30 मीटर लांबीची 4 चौरस मिमी तांब्याची केबल सुमारे 20 अँपिअरला साडेपाच व्होल्ट खाते. उरलेला दीड व्होल्ट जंक्शन बॉक्समधल्या ढिल्या स्क्रूचा होता, ज्याभोवतीचे इन्सुलेशन काळे पडले होते.

मग आधी एसी, नंतर डीसी आयसोलेटर (वीज तोडणारे स्विच) बंद करून, थोडे थांबून, 10 चौरस मिमीची सलग केबल टोकांना लग (धातूची टोपणे) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, टाकली. खर्च सुमारे 14 हजार रुपये. आता त्याच उन्हात इन्व्हर्टरपाशी 249 व्होल्ट दिसतात. इन्व्हर्टरची 253 व्होल्टची मर्यादा वाढवून देण्याचा स्वस्त उपाय कोणी सुचवल्यास तो स्वीकारू नये. तापणारा जोड तसाच राहतो.