पुण्याहून अंदमान, दोघांनी, खिसा सांभाळून

बालीचे रील्स बघून नवऱ्याने एक्सेल शीट उघडली, मग दोघांचेही पासपोर्ट एक्स्पायर झालेत हे कळलं आणि शीटचं नाव बदलून अंदमान झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा रात्री जाऊन आलो, आता ऑफिसात जो तो तेच तेच विचारतोय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी विमान, कारण निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जातात. लोहगावहून चेन्नई किंवा कोलकाता करत जायचं. दिवाळी आणि ख्रिसमसच्या नादी लागू नका, मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा असतात त्यामुळे गर्दी कमी आणि समुद्रही शांत, मेच्या मध्यानंतर पाऊस सुरू. पण दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगवर घ्या!! आम्ही शहाणपणा करून वेगवेगळी तिकिटं काढली, अठराशे वाचले म्हणून खूश, पहिलं विमान लेट झालं, दुसरं गेलं निघून आणि काउंटरवरची बाई म्हणाली की मॅडम हे आमच्याकडे येत नाही. नवीन तिकीट, चेन्नईत एक रात्र, अठराशेचे कितीला पडले ते मी घरी सांगितलेलं नाही.

नावांचा घोळ समजून घ्या. पोर्ट ब्लेअर, म्हणजे जिथे विमान उतरतं ते शहर, २०२४ पासून श्री विजय पुरम, हॅवलॉक आणि नील ही बेटं २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. बुकिंगला नवी नावं दिसतात, रिक्षावाला जुनीच म्हणतो.

हॅवलॉकला जायला सरकारी बोट घ्या, प्रायव्हेटपेक्षा बरीच स्वस्त. अडीच तास लागतात, प्रायव्हेट दीडमध्ये पोचवते, पण सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं आणि आम्हाला वाटेत उडणारे मासे दिसले. तिकीट जितकं लवकर मिळेल तितकं काढा, भरभर संपतात. हवा बिघडली की बोट रद्द होते म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, हॅवलॉकहून थेट विमान पकडायचा प्लॅन म्हणजे जुगार.

आता खरी गोष्ट, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. घड्याळ आपलंच पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे मार्चमध्ये साडेपाचला सूर्य मावळतो, पुण्यात तेव्हा आपण ऑफिसात चहा घेत असतो. पहिल्या दिवशी आरामात जेवून, आपली एक ते चारची झोप काढून, स्कूटरवरून हॅवलॉकच्या राधानगर बीचला पोचेपर्यंत लोक परत निघाले होते, अंधार. म्हणजे दिवसाचं भाडं भरलं आणि अर्धा दिवस वाया. मग दुसऱ्या दिवसापासून पाचला उठलो, सहाला पाण्यात, दहाला परत, अकरा ते दोन झोप (तेव्हा तसंही बाहेर तव्यावर उभं असल्यासारखं वाटतं, पुण्यासारखं कोरडं ऊन नाही, नुसती घामाची धार) आणि तीनला पुन्हा बाहेर. हे एक जमलं की पैसे वसूल.

हॅवलॉकला रूम गोविंदनगर बाजूला घ्या, मार्केट चालत अंतरावर असल्यामुळे जेवण स्वस्त. भाज्या बऱ्याचशा जहाजाने येतात म्हणून पनीरबिनीर मागवू नका, इथे बंगाली वस्ती आहे, मासे-भाताची थाळी मागवा. नवरा शाकाहारी, तो चार दिवस डाळ-भात-बटाट्यावर जगला आणि आईने दिलेल्या मेतकुटाची डबी त्याने माझ्यापासून लपवून ठेवली. एसी घ्याच, तिथे कंजूषी नको. त्याऐवजी रिसॉर्टचा प्रायव्हेट बीच सोडा, पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला उरतच नाही.

स्कूटर एखाद-दोन दिवसच घ्या, जेटीवरून राधानगरला सरकारी बस जाते. नीलला सायकल पुरते. तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीतच बघता येतो, वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा आणि जुन्या चपला घाला. आम्ही गेलो तेव्हा गुडघाभर डबक्यात काळ्या काकडीसारखं काहीतरी पडलेलं, मी पाय ठेवणार तेवढ्यात गाइड ओरडला, ते जिवंत होतं.

सामानात टर्किश टॉवेल नको, दमट हवेत तीन दिवस वाळत नाही आणि बॅगभर वास, आजोबांसारखा सुती पंचा घ्या. ओआरएसची पाकिटं आणि रोख पैसेही ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. शंख-शिंपले, प्रवाळ उचलू नका, विमानतळावर बॅग तपासतात.

पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल शेवटच्या दिवसाला ठेवा. इमारतीच्या सात विंग्जपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, दुपारच्या उन्हात जिने चढून आत गेलो तर एरवी सतत बोलणारा नवरा गप्प.