‘रक्त कमी आहे’ म्हणून लाल गोळ्या? आधी या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत आरोग्य केंद्राच्या ओट्यावर हमखास ऐकू येतं, “दम लागून राह्यला जी, अंगात रक्तच नाही.” एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ९ निघतं, लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं हाती पडतात, विषय संपतो. एचबी बाईला १२, गरोदरपणी ११ आणि पुरुषाला १३ तरी हवं. पण तो आकडा रक्त किती कमी ते सांगतो, कशानं कमी ते नाही.

लोह कमी पडलं की माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. आपण पोरीला ‘खोड लागली’ म्हणून रागावतो! नखं चमच्यासारखी खोलगट होतात, ओठांचे कोपरे चिरतात. पाळीत फार रक्त जातं का, अनवाणी शेतात जाण्यानं हुकवर्म नावाचे जंत शिरले का, हेही पाहायला हवं. गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळं होतं म्हणून बंद करू नका, आणि एचबी भरल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवा.

तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत, ही तक्रार वेगळी. माळकरी, शाकाहारी घरातल्या म्हाताऱ्यांत ‘वय झालं’ म्हणून ती सोडून देतात. इथं बी-१२ जीवनसत्त्व तपासा. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर एचबी सुधारतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या आकाराचा आकडा, १०० च्या वर दिसला तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल मुद्दाम विचारा. तो ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह, कधी थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

आपल्या विदर्भात सगळ्यात महाग पडते ती सिकलसेलची चूक. हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. तान्ह्या लेकराचे हातपाय सुजतात, मोठेपणी हाडं-सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात. घरचे वात म्हणतात, नाहीतर कावीळ उतरवायला नेतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं यानं ठणका उसळतो. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटात असं लेकरू दिसलं की सॉल्युबिलिटी ही सिकलची प्राथमिक रक्तचाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली तरी रोगी की वाहक (आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचा जनुक आलेला), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचण्यांवरच कळतं. रोग्याला तपासल्याशिवाय लोह देऊ नका. वारंवार रक्त चढवलेल्याच्या अंगात ते आधीच साचलेलं असू शकतं.

उलटी चूकही होते. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्यामुळे त्याचं एचबी ८ निघालं तर सिकलवर खापर फोडू नका, दुसरं कारण शोधा. सोयरीक जुळवताना मात्र दोघांचे कागद पाहा: दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला रोग होण्याची शक्यता २५ टक्के.

सिकलच्या रोग्याला ताप, छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा लेकरू एकाएकी पांढरं पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर गावातल्या सलाईनवाल्याकडे थांबू नका. १०८ लावा.