घरचा सबवूफर: पेटी कोणीही करील, पोर्टचं बोला

सबवूफरच्या, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या स्पीकरच्या, पेटीला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) नको. गोव्याच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, सांधे सुटतात आणि पेटी हवा सोडू लागते. १८ मिलीमीटरचा मरीन प्लाय घ्या. म्हापशाला, फोंड्याला मिळतो. गोंद, स्क्रू, आतून सांध्यांना सिलिकॉन, मधे एक आडवी पट्टी. सुताराला एवढं पुरे.

ड्रायव्हर (पेटीत बसवायचा नुसता स्पीकर) घेताना त्याचा एफएस (तो स्वतः कोणत्या हर्ट्झला घुमतो), क्यूटीएस (त्या घुमण्याला लगाम किती) आणि व्हीएएस (त्याच्या पडद्याइतकीच लवचीक हवा किती लिटर) छापलेला कागद मागा. नसेल तर दुकानातून बाहेर पडा. हे आकडे विनआयएसडी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरले की पेटी किती लिटरची आणि किती हर्ट्झला ट्यून करायची, म्हणजे कोणत्या सुराला घुमवायची, ते कळतं.

आता पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर करणारा पाइप; ट्यूनिंग ठरतं ते यावर. माझा सगळ्यात जास्त घाम इथेच गेला आहे. ‘दहा इंचीला तीन इंची पाइप, वीतभर लांब’ असले सल्ले कानाआड करा. अरुंद पाइप आखूड ठेवता येतो म्हणून सुतारांना आवडतो, पण आवाज वाढवला की त्यातून हवा फुसफुसते. चार इंचीच घ्या. निव्वळ ६० लिटरची पेटी २८ हर्ट्झला ट्यून करायची तर १० सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या पाइपची लांबी सुमारे ४३ सेंटीमीटर येते. २५ हर्ट्झला हीच ५५ च्या वर जाते. हार्डवेअरच्या दुकानातला ‘११०’चा पीव्हीसी पाइप म्हणजे बाहेरचा व्यास ११० मिलीमीटर. आतला स्वतः मोजा आणि त्यावरून हिशेब करा. ‘निव्वळ’ म्हणजे ड्रायव्हर, पट्टी आणि पोर्ट यांनी अडवलेली जागा वजा करून. एवढा पोर्टच चारेक लिटर खातो. पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान १० सेंटीमीटर लांब हवं. सरळ बसत नसेल तर एल्बो लावा, लांबी मधल्या रेषेवरून धरा.

पाइप तीन-चार सेंटीमीटर जादा ठेवा आणि चिकटवू नका. पेटी उताणी ठेवून, आवाज बेताचा ठेवून, ४० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली येत साइन टोन (एकाच हर्ट्झचा शुद्ध सूर) वाजवा. कोनच्या (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेकडे पाहा. एका आकड्याला तो जवळजवळ थांबतो आणि पोर्टसमोर धरलेल्या उदबत्तीचा धूर मात्र सैरावैरा होतो. तेच तुमचं ट्यूनिंग. ते ठरवल्यापेक्षा कमी भरलं तर पाइप अर्धा-अर्धा सेंटीमीटर कापत वर आणा. जास्त कापलात तर नवा पाइप आणा, जोड देत बसू नका.

ट्यूनिंगच्या खाली कोनला पेटीतल्या हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो आणि त्याच्यामागची कॉइल (तारेची गुंडाळी) आपटते. म्हणून अँप्लिफायरमध्ये सबसोनिक फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारी सोय) हवाच. २८ ला ट्यून केलं असेल तर २५ च्या आसपास लावा.

क्रॉसओव्हर (सबवूफरने कुठपर्यंतचे सूर वाजवायचे ती सीमा) ८० हर्ट्झ. पणजीतल्या सिमेंटच्या फ्लॅटमध्ये पेटी कोपऱ्यात ठेवली की बास आपोआप फुगतो, लेव्हल कमी करा. चिऱ्याच्या जुन्या घरात, माळा नसलेल्या कौलांखाली, तोच बास वर निघून जातो; तिथे पेटी सोफ्याच्या अगदी मागे ठेवा.